गणित आठवीचं, गोंधळ माहितीचा

अर्थशास्त्राच्या एम.ए.ला गेम थिअरी (एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांचा अभ्यास) घ्यायची तर आधी काय तयारी करावी, या प्रश्नाला इथे उत्तर मिळालं की कलन (कॅल्क्युलस) आणि संभाव्यता घोटून या. तो सल्ला खरा आहे. माझी गाडी मात्र वेगळ्याच ठिकाणी अडली. नॅश समतोल (एकट्यानं चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) आठवड्याभरात जमला. कोणाला काय माहीत आहे, आणि ते त्याला माहीत असल्याचं समोरच्याला माहीत आहे का, इथे डोकं गरगरलं.

अर्थतज्ज्ञ अकरलॉफचं १९७० सालचं जुन्या गाड्यांचं उदाहरण हातानं सोडवून बघा: गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत, गिऱ्हाइकाला नाही. समजा, विकणाऱ्यांच्या लेखी स्कूटरी शून्य ते एक लाखाच्या, सगळ्या किमती सारख्याच शक्य; गिऱ्हाइकाला तीच स्कूटर दीडपट मोलाची. तुम्ही ६० हजार देऊ केलेत, की येणार फक्त त्याखालच्या. सरासरी ३०, तुमच्या लेखी ४५. म्हणजे १५ हजारांचा खड्डा! भाव ४० वर आणा: सरासरी २०, मोल ३०. पुन्हा तोटाच. प्रत्येक सौदा दोघांच्या फायद्याचा असूनही बाजार बसतो.

हे पचलं की अर्थतज्ज्ञ स्पेन्सचं सिग्नलिंग, म्हणजे आपल्याकडची माहिती खुणेनं समोरच्याला पटवणं, सोपं जातं (पदवी ही गुणवत्तेची खूण, आपणच त्यातले नमुने!). बेझियन समतोलासाठी (अपुऱ्या माहितीच्या खेळातला नॅश समतोल) मात्र गेम थिअरीवाल्या हार्सान्यीच्या ‘प्रकारां’पासूनच सुरुवात करा (खेळाडूला एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट म्हणजे त्याचा ‘प्रकार’). मी थेट पुढच्या प्रकरणावर उडी मारली होती, परत मागे यायला अख्खं सत्र गेलं.