मदत हवी आहे: एअर सस्पेंशन, मागचा उजवा कोपरा बसतो. हाइट सेन्सर की बेलो?

नमस्कार मंडळी. इंदूरला राहतो. चारही चाकांना एअर सस्पेंशन (स्प्रिंगच्या जागी बेलो, म्हणजे हवेच्या रबरी पिशव्या) असलेली एक जुनी एसयूव्ही सेकंड हँड घेतली आहे. मेकचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'ही गाडी घेतलीच कशाला' इकडे वळतो. तो विषय घरात रोज होतोच.

त्रास असा: सकाळी गाडी सरळ उभी असते. बायपासला लागून थोडं अंतर गेलं की मागचा उजवा कोपरा हळूहळू खाली जातो आणि सस्पेंशनचा पिवळा दिवा लागतो. बंद करून परत चालू केली तर कधी आपोआप वर येते, कधी तशीच तिरकी राहते. एका गॅरेजने चाकाखाली वाकूनसुद्धा न बघता "बेलो गया, कंप्रेसर भी जाएगा" म्हणून दीड लाखाच्या वरचा आकडा सांगितला. मला ते पटत नाही. का पटत नाही ते लिहितो, जाणकारांनी तपासावं.

बेलो गळत असता तर गाडी रात्रभर उभी राहून बसली असती. बंद गाडीतही कंट्रोल युनिट काही वेळ जागं राहून उंची सारखी करतं, म्हणून सस्पेंशनचा फ्यूज काढून रात्रभर ठेवली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजलं: चारही कोपरे रात्री होते तिथेच सकाळी, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे. साबणाच्या पाण्यानेही कुठे बुडबुडा आला नाही.

मग मित्राचा स्कॅनर लावला. कोपरा बसलेला असताना टेप सांगते ४० मिमी खाली, आणि लाइव्ह डेटात त्याच चाकाचा हाइट सेन्सर (कोपऱ्याची उंची मोजून युनिटला कळवणारा) सांगतो २५ मिमी वर! म्हणजे युनिटला वाटतंय कोपरा वर गेलाय, म्हणून ते बिचारं इमानदारीने हवा सोडतंय. रात्री समोरचे लोक डिपर का मारतात तेही मग कळलं. आमच्या गाडीत हेडलाइटची लेव्हलही याच सेन्सरवरून ठरते. मागची बाजू वर आहे समजून ते दिवे वर उचलतं आणि प्रत्यक्षात मागची बाजू खाली, त्यामुळे सगळा झोत समोरच्याच्या डोळ्यांत.

गाडी जॅक मोडवर टाकून, घोड्या (जॅक स्टँड) लावून सेन्सर बघितला. (जॅक मोड विसरू नका. चाक लटकलं की सिस्टीम हवा सोडायला लागते आणि हात खाली असला तर संपलं.) लिंक रॉड (सेन्सरचा फिरणारा आर्म चाकाच्या बाजूला जोडणारी काडी) शाबूत, बॉल जॉइंट मोकळे. कनेक्टरमध्ये थोडा हिरवा गंज होता, तो साफ केला, फरक नाही. तीन वायरी आहेत: ५ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. लिंक सोडवून आर्म हाताने सावकाश फिरवला तर व्होल्टेज छान चढत जातं, पण २.४ च्या आसपास, म्हणजे नेमकं गाडीच्या नेहमीच्या उंचीला, एकदम ३.९ वर उडी मारतं आणि पुढे परत जागेवर येतं. दर वेळी त्याच कोनात. डावा सेन्सर पूर्ण फिरवला तरी कुठेच अडखळत नाही. (डाव्या बाजूला आर्म खाली नेला की व्होल्टेज उतरतं. तो दोष नाही, आरशासारखा उलटा बसवलेला आहे.)

मला वाटतं सेन्सरच्या आतला ट्रॅक (ज्यावर संपर्क घासत फिरतो ती पट्टी) झिजलाय, कारण आर्म सगळं आयुष्य त्याच जागेभोवती हलत असतो. बरोबर आहे का? आणि नवा सेन्सर लावल्यावर कॅलिब्रेशन कंपनीच्याच स्कॅनरवर करावं लागेल का? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:
दादा, तपासणी चांगली केलीत. पण सेन्सर मागवण्याआधी अर्थ बघा. पोटेन्शिओमीटर प्रकारच्या (आर्म फिरेल तसं व्होल्टेज बदलणाऱ्या) सेन्सरचा अर्थ तुटला तरी सिग्नल असाच वर उडी मारतो. कनेक्टर लावलेला ठेवून मागून पिन घाला, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सेन्सरच्या अर्थ पिनवर. आर्म फिरवताना ०.१ व्होल्टच्या आत राहिलं पाहिजे. वायरिंगही हलवून बघा, विशेषतः कंट्रोल आर्मजवळ जिथे ती वाकते.

धागाकर्ता:
आत्ताच केलं. अर्थ पूर्ण वेळ ०.०२, सिग्नल मात्र त्याच जागी उडतो. वायरिंग ओढली, पिळली, काही फरक नाही.

प्रतिसाद:
मग सेन्सरच. बेलो-कंप्रेसरला हात लावू देऊ नका. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या, डावा-उजवा वेगळा असतो. कॅलिब्रेशन करावंच लागतं, कारण प्रत्येक सेन्सरचा शून्य थोडा वेगळा. त्यासाठी कंपनीचाच स्कॅनर पाहिजे असं नाही, तुमच्या गाडीचं सस्पेंशन मॉड्यूल उघडणारा आणि उंची लिहू देणारा कुठलाही चालतो. आधी विचारून घ्या, पुष्कळ स्वस्त स्कॅनर नुसते कोड वाचतात. गाडी सपाट फरशीवर, टायरची हवा बरोबर, चारही उंच्या टेपने मोजून आकडे भरायचे. कोणी लिंक रॉड वाकवून 'ॲडजस्ट' करतो म्हणाला तर चावी परत घ्या. तोवर गावातल्या गावात चालवा, भेरूघाटात भरलेली गाडी नेऊ नका. सारखी हवा भरत-सोडत राहिली तर चांगला कंप्रेसरही तापून जाईल, आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरेल.

धागाकर्ता:
पार्ट नंबर उतरवून घेतला. इंदूरमध्ये उंची लिहू देणारा स्कॅनर कोणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.