मदत हवी आहे: जुन्या विंडसर्फिंग बोर्डाला हायड्रोफॉइल लावायचंय, बॉक्स टिकेल का?

मंडळी, इथे विंडसर्फिंगवाले किती आहेत माहीत नाही, पण होड्या-फायबरवाले एकदोन जण नक्की आहेत म्हणून विचारतोय. हायड्रोफॉइल म्हणजे बोर्डाखाली लांब दांड्यावर (मास्ट) लावलेले पंख (विंग), वेग आला की ते बोर्डाला पाण्याच्या वर उचलतात. बॉक्स म्हणजे बोर्डाच्या तळाची खाच, जिच्यात एरवी फिन (तळाचं पातं) बसते.

मी नेदरलँड्सला, आल्मेरमध्ये असतो. दारातच खोईमेर, पलीकडे मार्करमेर, पाणी भरपूर, रडगाणं सगळं वाऱ्याचं. उन्हाळ्यात 10-12 नॉट्स मिळतात, तेवढ्यात माझा बोर्ड 7.5 चौरस मीटरचं सेल (शीड) लावूनही प्लेन होत नाही, म्हणजे पाण्यावर उचलून घसरत नाही, सेलला झटके देत पंप करून करून खांदे भरून येतात आणि फॉइलवाले 5.5 चं सेल घेऊन शेजारून हवेत तरंगत निघून जातात. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आरएस-एक्स या फिनवाल्या बोर्डाच्या जागी आयक्यूफॉइल हा फॉइलवाला बोर्ड आला, आता इथली शाळकरी पोरंसुद्धा फॉइलवरच दिसतात.

बोर्ड आणि फॉइल दोन्ही नवीन घेतलं तर घरात महायुद्ध होईल. म्हणून फॉइल सेकंडहँड घेतलंय, अ‍ॅल्युमिनियमचा 85 सेंमी मास्ट, डीप टटल हेड (हेड म्हणजे बॉक्समध्ये बसणारं वरचं टोक, डीप टटल हा त्याचा निमुळता, खोल प्रकार). आता बोर्ड. घरचा 145 लिटरचा फ्रीराइड (हौशी फिरण्याचा बोर्ड) आहे, त्याला पॉवर बॉक्स, म्हणजे सगळं एका बोल्टवर. दुसरा एकजण जुना फॉर्म्युला (शर्यतीचा रुंद बोर्ड) विकतोय, 100 सेंमी रुंद, डीप टटल बॉक्स, डेकवरून (बोर्डाच्या वरच्या बाजूने) दोन बोल्ट. तो म्हणतो डीप टटल आहे म्हणजे काम झालं. मला ते एवढं सोपं वाटेना म्हणून बोर्ड बघायला घरी आणला, बॉक्सच्या छताला मुलीच्या क्लेचे गोळे चिकटवले, हेड घालून बोल्ट आवळले. काढून बघतो तर क्ले 3-4 मिमी जाड तशीच! म्हणजे हेड पुढच्या-मागच्या निमुळत्या कडांवरच अडकतंय, वर टेकतच नाहीये. शिवाय तळाला बॉक्सच्या मागच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे, रंगाची की आतली कळत नाही. माझं वजन 82 किलो.

तर फॉर्म्युला घ्यावा का, ती फट कशाने भरायची, आणि पॉवर बॉक्सला काही जुगाड होतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारा_वारा: पॉवर बॉक्सचा विचार सोडा. अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण बॉक्स तोच राहतो ना. फिन बोर्डाला आडवं ढकलते, फॉइल वर ढकलतं, तुमचे 82 किलो अधिक सगळं सामान त्या बॉक्सवर उभं राहणार, आणि 85 सेंमीचा मास्ट म्हणजे पहारच, पुढचं विंग वाळूला लागलं की बॉक्स मुळासकट उचकटतो. फॉर्म्युला चांगला, शेपटीला रुंद असल्यामुळे फॉइलला बरा पडतो. पण ते बॉक्स फिनसाठी बनवलेले, फॉइलसाठी नाही. हेड वर टेकलं नाही तर प्रत्येक लाटेला पाचरीसारखं आत घुसत जातं आणि बॉक्स उभा चिरतो. क्लेची आयडिया झकास!

निवांत_नौका: वाचतोय. खुणेची जागा पकडून ठेवतो.

फायबरवाला_मालवण: दादा, आमचं काम होड्यांचं, पण राळ तीच. हेडला मेण चोळा, वरून किचनमधली पातळ प्लास्टिक फिल्म सुरकुती न पडता गुंडाळा, बोल्टला ग्रीस. मग इपॉक्सीत सिलिका पावडर कालवून श्रीखंडाएवढं घट्ट करा, छताला लावा, हेड दाबून बसवा, बोल्ट हलके आवळा आणि बाहेर आलेलं लगेच पुसा. थंडीत करू नका, सेट व्हायला वेळ लागतो. पॉलिस्टर राळ अजिबात नको, आत थर्माकोल असला तर आणि ती चिरेतून शिरली तर खाऊन टाकते.

आणि चिरेचं म्हणाल तर आधी बोर्डाचा व्हेंट स्क्रू (आतली हवा सोडायचा) बंद करून उन्हात ठेवा, आतली हवा तापू दे, मग चिरेवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर आतपर्यंत गेलीय. डेकवर बोल्टभोवती नाणं वाजवून बघा, टणटण आवाज पाहिजे. बद्द वाजलं तर बोर्ड परत देऊन टाका.

खारा_वारा: +1, नाण्याची टेस्ट पैसे द्यायच्या आधी. अवांतर: खोईमेरला उन्हाळ्यात पाणवनस्पती माजतात ना? फॉइलला गुंतल्या की बोर्ड जागेवर थांबतो आणि आपण पुढे जातो, सेलसकट. हेल्मेट घाला.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. बुडबुडे नाहीत, पॉलिश पेपर मारला तर चीर रंगापुरतीच निघाली, आत गेलेली नाही. नाणं पुढच्या बोल्टशी टणटण, मागच्याशी जरा बद्द वाटतंय. बायकोला ऐकवलं, ती म्हणे दोन्ही सारखेच. तिथे डेकवर फायबरच्या कापडाचे दोन थर मारून मोठे वॉशर टाकले तर चालेल, की खरंच परत देऊ?

फायबरवाला_मालवण: बद्द भाग केवढा आहे, पेन्सिलने गोल करून फोटो टाका. रुपयाएवढा असेल तर थर मारून होईल. तळहाताएवढा असेल तर नको. तोवर पैसे देऊ नका.