शौचाच्या कल्चरमध्ये 'ईएसबीएल ई. कोलाय' आलं, अँटिबायोटिक लागेल का?

बालरोग_निवासी: 11 महिन्यांचं बाळ, वजन 9 किलो. आधी उलट्या, मग तीन दिवस पाण्यासारखे जुलाब. रक्त किंवा आव नाही. रोटाव्हायरस अँटिजेन पॉझिटिव्ह. शौचातले जंतू वाढवून पाहिले त्या कल्चरमध्ये मात्र 'ई. कोलाय, ईएसबीएल', सेफिक्झिम रेझिस्टंट, मेरोपेनेम सेन्सिटिव्ह. रिपोर्ट पाहून पालक घाबरलेत. मेरोपेनेमचं इंजेक्शन सुरू करायचं का?

सूक्ष्मजीव: नाही. ई. कोलाय प्रत्येकाच्या आतड्यात असतोच, कल्चरवर उगवला यात नवल नाही. ईएसबीएल म्हणजे सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स तोडणारं एन्झाइम बनवणारा, म्हणून त्यांना दाद न देणारा. जुलाब करणारा असा त्याचा अर्थ होत नाही. जुलाब करणारे प्रकार साध्या कल्चरवर वेगळे ओळखू येत नाहीत, त्यासाठी त्यांची विषाची किंवा आतड्याला चिकटण्याची जनुकं पीसीआर या जनुकीय चाचणीने शोधावी लागतात. इथे लक्षणं रोटाव्हायरसशी जुळतात. अँटिबायोटिकने व्हायरसला काही होणार नाही. साधे जंतू मरतील आणि त्या ईएसबीएललाच पसरायला मोकळं रान मिळेल. खरं तर लॅबने अशा नमुन्यात ई. कोलायची सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालतं याची यादी) छापायलाच नको.

ओआरएस_आधी: डोळे खोल गेलेत, चिडचिड आहे, आधाशासारखं पितंय, चिमटीत धरलेली कातडी हळू परत जाते, यातली दोन लक्षणं असतील तर किलोला 75 मिली, म्हणजे 675 मिली ओआरएस चार तासांत, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पुढे प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवायला सांगा; पेलाभर पाण्यात कालवलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. झिंक रोज 20 मिग्रॅ, 10 ते 14 दिवस. अंगावरचं दूध चालूच. बाळ सुस्त असेल, पीतच नसेल, तर लगेच सलाईन.

बालरोग_निवासी: आणि रक्त दिसलं तर?

सूक्ष्मजीव: तर आधी 'शिगेला' (Shigella) हा रक्ती आव करणारा जंतू धरून चला. सिप्रोफ्लॉक्सासिन 15 मिग्रॅ/किलो दिवसातून दोनदा, 3 दिवस. मात्र शिगेलात सिप्रोला रेझिस्टन्स बराच पसरलाय. तुमच्याकडे तसं असेल किंवा 48 तासांत उतार नसेल, तर अझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. कल्चर पहिल्या डोसच्या आधी, आव-रक्ताचा भाग उचलून पाठवा. शिगेला शौचात लवकर मरतो. दोन तासांत लॅब गाठता येत नसेल तर नमुन्यातले जंतू वाटेत जिवंत ठेवणारं कॅरी-ब्लेअर माध्यम वापरा. नुसत्या पीसीआरवर थांबू नका, कोणतं औषध चालेल ते कल्चरच सांगतं.

ओआरएस_आधी: एक अपवाद. ताप नाही पण रक्त भरपूर, आणि शिगा टॉक्सिन नावाचं विष बनवणाऱ्या, ओ157सारख्या ई. कोलायचा संशय असेल, तर अँटिबायोटिक टाळा. मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. लघवी आणि प्लेटलेट्सवर लक्ष ठेवा.