शिक्षणशास्त्रात एम.एड., पीएच.डी. करणाऱ्यांसाठी देणग्या कशा उभ्या करायच्या?

वाचनखूण

नमस्कार मंडळी. आमच्या शिक्षणशास्त्र विभागात एम.एड. आणि पीएच.डी. करणाऱ्यांसाठी एक मदतनिधी सुरू करायचं आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय, विभागप्रमुख मॅडमचा पाठिंबा आहे, पण यातलं कुणालाच काही येत नाही म्हणून इथे विचारतेय.

अडचण अशी की मॅनेजमेंट, इंजिनिअरिंगवाल्यांचे माजी विद्यार्थी कंपन्यांत मोठ्या पदांवर असतात, त्यांना नुसता निरोप गेला तरी इमारत उभी राहते. आमचे माजी विद्यार्थी म्हणजे शिक्षक, मुख्याध्यापक, अध्यापक महाविद्यालयातले प्राध्यापक. मन मोठं आहे पण पगार बेताचा. आणि आमचे विद्यार्थीही बावीस-तेवीस वर्षांचे नसतात हो, बरेच जण आधी काही वर्षं शिकवून मग आलेले, घर, मुलं, आईवडील सगळं मागे असतं, बिनपगारी रजा टाकून शिकतात. सायन्सच्या विभागात निदान प्रयोगशाळेच्या प्रोजेक्टमधून थोडं मानधन निघतं, इथे तेही क्वचित.

शिक्षणासाठी पैसे द्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर शाळेतली मुलं येतात, दप्तरं, वह्या, बाकं. त्या मुलांना वाचायला नेमकं कसं शिकवावं यावर चार-पाच वर्षं काम करणारी बाई कुणाला दिसत नाही. ती दिसावी असं फार वाटतं.

तर प्रश्न: कायमस्वरूपी निधी करून व्याजातून द्यायचं की दरवर्षी गोळा करून वाटायचं? कुणाकडे आधी जायचं? आणि पत्रात लिहायचं काय?

---

जमाखर्च

मी एका शिक्षणसंस्थेच्या हिशेब विभागात बरीच वर्षं काम केलंय म्हणून आधी पहिल्या प्रश्नाबद्दल बोलतो.

कायमस्वरूपी निधी ऐकायला छान वाटतो पण गणित बघा. मुद्दल महागाईत झिजू नये म्हणून अशा निधीतून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्केच खर्च करायची पद्धत आहे, अमेरिकेतली मोठी विद्यापीठंही साधारण त्याच घरात असतात. म्हणजे वर्षाला १०० द्यायचे असतील तर ४ टक्क्यांनी २५०० आधी बाजूला ठेवावे लागतात. एका विद्यार्थ्याला वर्षभर मदत करायला पंचवीस विद्यार्थ्यांची रक्कम गोळा करायची आणि तोवर आजचे विद्यार्थी तसेच शिकून किंवा सोडून जाणार. तुमचे देणगीदार लहान रकमा देणारे आहेत, त्यांना आपल्या पैशाने काय झालं हे त्याच वर्षी कळलं पाहिजे. म्हणून माझं स्पष्ट मत, सुरुवात चालू वर्षात खर्च होणाऱ्या निधीनेच करा. कुणी एकरकमी मोठी देणगी दिली, मृत्युपत्रातून काही आलं, तर ते कायम निधीत टाका. दोन्हीची खाती मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी.

अजून एक. पैसे कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा ॲपवर अजिबात घेऊ नका, माणूस कितीही विश्वासाचा असो. विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यातच जमा व्हायला हवेत, करसवलतीची पावती मिळते की नाही ते आधी लेखी विचारून घ्या, परदेशातून कुणी देणार असेल तर त्याचे नियम वेगळे असतात ते वेगळे तपासा.

---

फील्डनोट्स

मी स्वतः शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही.

निधी गोळा करायच्या आधी विद्यार्थ्यांना विचारा की पैसे नेमके कुठे संपतात. सगळे फी म्हणतील असं बाहेरून वाटतं, पण आमच्याकडे खरा खड्डा दोन ठिकाणी पडतो. एक फील्डवर्क. महिनोन्महिने शाळांमध्ये जाऊन बसायचं, वर्ग बघायचे, शिक्षकांच्या मुलाखती घ्यायच्या, प्रवास आपल्या खर्चाने, मग तासन्‌तासांची रेकॉर्डिंग्ज ऐकून शब्द न्‌ शब्द उतरवून काढायची, ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर त्याचे पैसे आणि स्वतः करायचं तर महिने जातात. दुसरं शेवटचं वर्ष. शिष्यवृत्ती असलीच तर ती ठरलेल्या मुदतीत संपते आणि प्रबंध काही त्या तारखेला संपत नाही. मग माणूस परत पूर्णवेळ नोकरी धरतो, लिखाण रात्रीवर जातं, आणि सगळा डेटा गोळा करून झालेली माणसं अशी शेवटच्या टप्प्यात गळतात. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं कारण तोवर त्यांनी केलेलं सगळं काम कपाटात पडून राहतं, ज्या शाळांनी त्यांना वेळ दिला त्यांनाही काही परत मिळत नाही.

बाबासाहेबांचंच बघा ना. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पुढे लंडनला अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अर्धवट सोडून परत यावं लागलं. १९२० मध्ये पुन्हा गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राकडून घेतलेले पैसे यांवर, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. विषय वेगळा होता पण पैसा कुठे तुटतो ते अगदी हेच. त्यांच्यासारख्या माणसाची ही गत, बाकीच्यांचं काय होत असेल.

तेव्हा माझी कळकळीची विनंती, निधीतला निदान काही भाग "प्रबंध पूर्ण करण्यासाठी" म्हणून ठेवा. सहा महिने नोकरीतून मोकळं राहता आलं तरी माणूस पार होतो.

आणि कृपा करून आम्हाला स्टेजवर उभं करून चेक हातात देतानाचे फोटो काढू नका. अर्जात गरिबीची कहाणी लिहायला लावू नका. काय संशोधन चाललंय आणि किती रक्कम कशासाठी हवी एवढं विचारा, उत्पन्नाचे कागद समितीपुरते राहू देत.

---

टेकडीवरून

देणग्या गोळा करायच्या कामात मी पूर्णवेळ आहे, वर फील्डनोट्स यांनी जे लिहिलंय ना तेच तुमचं पत्र आहे. "गरजू विद्यार्थ्यांना मदत करा" असं लिहिलंत तर वाचणारा मान डोलावून पुढे जातो. "आमच्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षं पहिलीच्या वर्गांत बसून मुलं वाचायला कशी लागतात ते नोंदवलंय, आता लिहायला तिला सहा महिने हवेत" असं लिहिलंत तर शिक्षक असलेला माणूस थांबतोच, कारण त्याच्या वर्गातला प्रश्न आहे तो. अर्थात तिची परवानगी घेऊन, नाव न घालता.

यावर अभ्यासही झालेत. २००७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवर. त्यातल्या एका गटाला शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी फक्त पाचेक मिनिटं बोलायला दिलं. महिन्याभराने बघितलं तर त्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली. म्हणून माझा सल्ला असा की देणगीदारांच्या आधी तुमच्या मागणाऱ्या टीमला विद्यार्थ्यांबरोबर चहाला बसवा. (फील्डनोट्स, तुमच्यासारखं कुणी स्वतःहून तयार असेल तरच, सक्ती नाही.)

दुसरा अभ्यास त्याच वर्षीचा, डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांचा, आधी देणगी दिलेल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांना पत्रं पाठवून केलेला. "तुम्ही द्याल तेवढीच भर दुसरा एक देणगीदार घालेल" असं लिहिल्यावर पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. पण एकास दोन, एकास तीन अशी भर दाखवून त्याहून काही वाढ झाली नाही. म्हणजे तुमच्याकडे एखादे मोठे देणगीदार असतील तर त्यांना एकदम सगळं देऊ नका म्हणावं, "बाकीचे देतील तेवढं मी घालीन" असं जाहीर करायला सांगावं, एकास एक पुरे.

बाकी क्रम सरळ आहे. आधी तुम्ही ठरवणारे सगळे स्वतः द्या, मग विभागातले प्राध्यापक, मग बॅचवार माजी विद्यार्थी आणि मग बाहेरचे. बाहेरचा माणूस पहिलं हेच विचारतो की तुमच्यातल्या किती जणांनी दिलं. आणि शिक्षकांकडे एकरकमी मागूच नका, दरमहा लहान रक्कम बँकेतून आपोआप जाईल असं करा. माणसं वर्षानुवर्षं देतात, फक्त पहिल्यांदा फॉर्म भरताना शेजारी बसून भरून द्यावा लागतो.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

मी देणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. निवृत्त झाल्यापासून दोन-तीन ठिकाणी जमेल तसं देतो. एका संस्थेने पैसे घेतल्यावर पावती पाठवली आणि त्यानंतर थेट पुढच्या वर्षीचं मागणीपत्र, मधे एक ओळ नाही. तिथे देणं मी बंद केलं. रकमेचा राग नव्हता, मी दिलेल्याचं काय झालं हे सांगावंसं त्यांना वाटलं नाही याचा होता. वर्षातून एकदा पानभर पत्र पुरतं, यंदा इतक्या जणांना दिलं, अमुक विषयावरचा प्रबंध पूर्ण झाला, एक जण अडला, का अडला. अडलेलंही सांगा, आम्ही आयुष्यभर मुलांचे निकाल बघितलेत, आम्हाला खरं चालतं.

नाव देण्याबद्दलही बोलतो कारण शिक्षकी पेशात लोक स्वतःच्या नावाला लाजतात. पण आपल्या गुरुजींच्या, बाईंच्या, आईच्या नावाने द्यायला एका पायावर तयार होतात. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली ती आईच्या नावाने, म्हणून आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. एवढं आपल्याच्याने होणार नाही, पण एखाद्या बॅचने मिळून ज्या बाईंनी त्यांना पाठ घ्यायला शिकवलं त्यांच्या नावाने वर्षाची एक शिष्यवृत्ती द्यावी, हे नक्की होण्यासारखं आहे. मी माझ्या बॅचला विचारतो म्हणालो तर उद्या फोन सुरू होतील.

---

वाचनखूण

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचता वाचता अक्षरशः वहीत उतरवून घेतलं. कायम निधीचा हट्ट आम्ही सोडतोय, चालू निधीने सुरुवात. मुख्याध्यापक सर, बॅचचं खरंच मनावर घ्या, मी तुम्हाला इथेच वेगळा निरोप पाठवते.

एक शंका राहिली. एका माजी विद्यार्थ्याने चांगली रक्कम देऊ केलीय पण त्याची अट आहे की गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्यालाच द्यायची आणि निवड तो स्वतः करणार. नाही म्हणायचं जिवावर येतंय.

---

जमाखर्च

निवड त्याच्या हातात देऊ नका, इथे मऊ पडू नका. देणगीदारानेच माणूस निवडला तर ती निधीला दिलेली देणगी न राहता त्या व्यक्तीला दिलेली भेट होते, करसवलत अडचणीत येऊ शकते, आणि विद्यार्थी कायम त्याच्या उपकाराखाली राहतो ते वेगळंच. निवड समितीची, समितीत विभागाबाहेरचा निदान एक जण हवा, आणि अर्जदाराचा गाईड त्या बैठकीत नको.

गणिताची अट मात्र स्वीकारता येते, फक्त "च" काढून. करारात असं लिहा: "गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्यांना प्राधान्य, त्या वर्षी योग्य अर्ज नसल्यास विभागातील अन्य संशोधकास." नाहीतर एखाद्या वर्षी गणिताचा कुणी आला नाही की पैसे बँकेत पडून राहतात आणि भाषेवर काम करणारी मुलगी फील्डवर्क सोडून घरी जाते. त्याला फोन करून कारण नीट समजावून सांगा, पत्र नंतर पाठवा. माझ्या अनुभवात बहुतेक लोक ऐकतात.

---

फील्डनोट्स

+१. आणि मी भाषेवरच काम करतेय :) वाचनखूणताई, तुमच्या टीमला विद्यार्थ्यांशी बोलायचं असेल तर मी यायला तयार आहे, मला इथे निरोप पाठवा.