ऑरॅकलला 'खुर्चीत अडकलेली बॅटगर्ल' म्हणणाऱ्यांसाठी

निळी_शाई (धागालेखिका)

काल इथे एक लेख आला. त्याचा सूर असा: बॅटमनच्या कॉमिक्समधल्या बार्बरा गॉर्डनची खरी मजा ती मुखवटा घालून लढणारी बॅटगर्ल असतानाची, गोळी लागून व्हीलचेअरवर आल्यावर ती झाली ती माहिती पुरवणारी ऑरॅकल म्हणजे दोन दशकं संगणकाच्या पडद्यासमोर बसवून ठेवलेलं पात्र, आणि २०११ मध्ये प्रकाशक डीसीने सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या तेव्हा ती पुन्हा चालू लागली ते बरंच झालं. खाली वाहवा करणाऱ्यांची रीघ. डोकं तापलं. एवढं सगळं प्रतिसादात मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तिला गोळी लागते ते कॉमिक, 'द किलिंग जोक' (१९८८), पुन्हा उघडा. बार्बरा दार उघडते. समोर फुलाफुलांचा शर्ट घातलेला जोकर, गळ्यात कॅमेरा, हातात पिस्तूल. गोळी सुटते, आणि तिचा गोष्टीतला भाग जवळपास तिथेच संपतो. पुढे तिचे फोटो वापरले जातात ते तिच्या बापाला, पोलीस आयुक्त गॉर्डनला, वेड लावण्यासाठी. कमरेखालचं शरीर गेलं तिचं, पण गोष्ट गॉर्डनची, बॅटमनची आणि जोकरची. शेवटी तर बॅटमन आणि जोकर एकत्र हसतात.

जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक जोडप्याने १९८९ मध्ये 'सुइसाइड स्क्वॉड' या मालिकेतून ऑरॅकल आणली. मग १९९६ मध्ये 'द बॅटमन क्रॉनिकल्स'च्या पाचव्या अंकात तिची सुरुवात सांगितली. त्यात बार्बरा बॅटमनला त्या हसण्याचाच जाब विचारते. रिचर्ड ड्रॅगन या युद्धकलेच्या गुरूकडून एस्क्रिमा, म्हणजे फिलिपिनी काठ्यांची लढाई, शिकते, खुर्चीत बसूनच. स्वप्नात मुखवटा घातलेली भविष्यवेत्ती दिसते, मुखवटा दूर होतो तर चेहरा हिचाच. याला तुम्ही 'बसवून ठेवलेलं पात्र' म्हणता? बॅटगर्ल असताना ती बॅटमनच्या मागे धावत होती. ऑरॅकल झाल्यावर बॅटमनसकट महानायकांची अख्खी जस्टिस लीग माहितीसाठी तिच्या दारात उभी राहिली.

रातकिडा

लेख माझाच. अर्धाच वाचलेला दिसतोय तुम्ही. सुपरमॅन १९९२ मध्ये मेला आणि १९९३ मध्ये परत आला. बेन या खलनायकाने त्याच १९९३ मध्ये बॅटमनचा कणा मोडला, तोही बरा होऊन छपरांवर उड्या मारायला लागला. पुरुषांना सगळं माफ आणि बार्बराने मात्र जन्मभर भोगायचं? मला तो अन्याय वाटतो. आणि २०११ ची बॅटगर्ल, ऑरॅकलची 'बर्ड्स ऑफ प्रे' मालिका लिहिणाऱ्या गेल सिमोननेच लिहिलीय. पहिल्याच अंकात पिस्तूल समोर येतं आणि बार्बरा जागच्या जागी गोठते, तिच्यासमोर पोलिसाचा जीव जातो. यापेक्षा खोल काय हवंय?

निळी_शाई

ते पान चांगलं आहे, नाकारत नाहीये. पण ते पान उभं आहे ते जुन्या गोळीच्या जोरावर. आणि बॅटमन बरा झाला, सुपरमॅन परतला, म्हणून तर त्या दोघांच्या गोष्टींना परिणामच उरला नाही. हिच्या गोष्टीला उरला होता. तोच काढून घेतला.

उंबरठा

मी व्हीलचेअर वापरते. रातकिडा, तुमचं 'भोगायचं' वाचलं आणि वाचनमात्र राहणं जमेना. एका मुलाखतीत मला कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. येणार कशी, जिने कसे चढणार, घरचं कोण सोबत असेल, एवढंच. तेव्हा मी 'बर्ड्स ऑफ प्रे' वाचत होते. त्यात तिची जोडीदार नायिका ब्लॅक कॅनरी काम फत्ते करून येते ती बार्बराने आखलेल्या योजनेवर, आणि दोघी भांडतात ते कामावरून, खुर्चीवरून नाही. मला ती बरी व्हायला नकोच होती. ती कामात हवी होती.

रातकिडा

तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण अनुभव सांगितला की वाद मिटतो असं नाही. माझ्या मामेभावाला अपघातानंतर पुन्हा चालायचंच होतं, रोज. त्याला बार्बरा उठलेली पाहून जे वाटलं तेही खरंच आहे ना?

कागदी_वाघ

सगळे बार्बरासाठी रडा. त्याच २०११ मध्ये बार्बरानंतर बॅटगर्ल झालेल्या कॅसॅन्ड्रा केन आणि स्टेफनी ब्राउन पुसून टाकल्या, त्याचं काय? बार्बराला टोपडं परत द्यायला या दोघींचा बळी गेला.

खोल चित्रणाच्या गप्पा मारताय तर कॅसची, म्हणजे कॅसॅन्ड्राची, २००० ची मालिका काढा. बापाने तिला भाषाच शिकवलेली नाही, समोरच्याचं शरीर हेच तिचं वाचन. सुरुवातीच्या अंकांत तिच्या तोंडी जवळपास शब्दच नाहीत, सगळं चित्रकार डेमियन स्कॉटच्या रेषांवर. लहानपणी तिच्या हातून एक माणूस मरतो आणि मरताना त्याच्या देहात काय झालं ते तिला *वाचता* येतं. त्यापुढे एकही खून न करण्याची शपथ. आणि २००६ मध्ये हिलाच खलनायिका केलं, तोंडात लांबलचक भाषणं कोंबून!

उंबरठा

वाघ, धागा हायजॅक करू नका.

कागदी_वाघ

हायजॅक नाही, मुद्दा तोच आहे. कॅसला वाचायला शिकवलं कुणी? ऑरॅकलने. बार्बरा उठली की शिकवणारीही गेली आणि शिकणारीही.

रातकिडा

म्हणजे आता मी कॅसचाही खुनी? मला स्टेफनी आवडायची हो. २००९ पासूनचे तिचे सगळे अंक आहेत माझ्याकडे, बॅटगर्ल म्हणून हसत-धडपडत शिकणारी. तिला घालवलं तेव्हा मीही चिडलो होतो, तुमच्यासारखा गळा काढला नाही एवढंच.

कागदी_वाघ

गळा काढला म्हणूनच स्टेफनी २०१४ मध्ये आणि कॅस २०१५ मध्ये परतली. गप्प बसणाऱ्यांमुळे नाही.

निळी_शाई

वाघ, या एका बाबतीत तुमच्याशी सहमत. मी धाग्यात दोघींना घेतलं नाही कारण विषय बार्बराचा होता. पण एकीला उभं करायला दोघींना जागा सोडावी लागली, यातच दिसतं की प्रकाशकाला बॅटगर्ल म्हणजे एक पोशाख हवा होता. ऑरॅकलला पोशाख नव्हता, म्हणून ती कुणाला नकोशी झाली.

रातकिडा

'दोन दशकं बसवून ठेवलेलं पात्र' हे शब्द मागे घेतो, घ्या. सिमोनने २००३ मध्ये 'बर्ड्स ऑफ प्रे' हाती घेतलं तिथपासून, म्हणजे छप्पन्नाव्या अंकापासून, वाचून बघतो. पण २०११ चूक होतं हे मान्य नाही, आणि मामेभावाबद्दल कुणीच उत्तर दिलेलं नाही.

उंबरठा

त्याला चालायचं होतं, ते त्याचं. बार्बराला हवं होतं का, ते आधीच्या कुठल्या अंकात दाखवलंय ते सांगा. मग बोलू.