पार्किंगचं पाणी आणि आपलं व्हॅक्यूम मशीन (सोसायटी ग्रुप)

कुलकर्णी काकू (ए-१०२): बेसमेंटमध्ये परत पाणी आलंय ओ. माझी स्कूटी घोट्याएवढ्या पाण्यात उभी आहे. ते मोठं व्हॅक्यूम मशीन घेतलंय ना सोसायटीनं, ते कशाला मग? काल वॉचमन चालवत होता तर मागच्या बाजूनं नुसता साबणाचा फेस उडत होता आणि पाणी काही ओढत नव्हतं

देसाई, सेक्रेटरी (सी-३०१): हो काकू माहीत आहे. मशीन जिथून घेतलं त्यांना फोन केला, ते न बघताच म्हणतात मोटर गेली असणार, अख्खं वरचं हेड बदला

किल्लेकर, खजिनदार (बी-२०१): वॉरंटी संपली की बरोबर मोटर जाते काय ओ यांची. मी चेकवर सही करणार नाही आधीच सांगतो

पाटील मामा (बी-१०३): कुणी सही करू नका. आत्ता खाली जाऊन उघडून बघितलो. मोटरला काय झालेलं न्हाई. दोन्ही क्लिपा काढून वरचं डोकं उचललो तर आत कापडी फिल्टर तसाच बसवलेला आणि त्याच्यावर पांढरा थर, नखानं खरवडून बघितलो तर सिमेंट. बी विंगला टाइल्सचं काम चाललंय न्हवं, कटरची सगळी धूळ ह्याच मशीननं ओढली आणि मग त्याच फिल्टरसकट पाण्यात घातलं. सिमेंट भिजल्यावर काय होतंय ते सांगायला पायजे काय? तव्यावर विसरलेल्या भाकरीगत कडक झालाय तो फिल्टर, वारा जायलाच जागा न्हाई तर मशीन ओढणार कशानं

रोहन (बी-४०४): पण मामा ते वेट अँड ड्राय आहे ना, मग दोन्ही चालायला पाहिजे की

पाटील मामा: दोन्ही चालतंय, एकदम न्हाई चालत. सुकी धूळ ओढायची तेव्हा फिल्टर पायजेच, न्हाईतर बारीक धूळ सरळ मोटरीत. पाणी ओढायचं तेव्हा तो काढून बाजूला ठेवायचा आणि खालचं तोंड बी बदलायचं, ब्रशवालं काढून रबरी पट्टीवालं लावायचं. आणि मधे टाकी धुवून पुसून कोरडी करायची, हे तर कोणच करत न्हाई

हलगेकर ताई (ए-२०४): एक मिनिट. मशीन सांभाळणाऱ्या यल्लव्वाला कोणी बोलू नका हं. तिनं मला मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं, अक्का फिल्टर तगीबेकु, काढायला पाहिजे म्हणून. टाइल्सवाल्याची पोरं तिच्याकडनं चावी घेऊन गेली, न विचारता मशीन वापरलं आणि तसंच आणून ठेवलं, आणि संध्याकाळी ती घरी गेल्यावर वॉचमननं ते पाण्यात लावलं. रोज मशीन हाताळते ती एकटी, आणि शिव्या पण तिलाच

देसाई, सेक्रेटरी: बरोबर आहे ताई. बी विंगचं काम कोणाच्या फ्लॅटमध्ये चाललंय ते ग्रुपवर नको, मी पर्सनली बोलतो. पण मामा फेस का आला मग? त्याचा फिल्टरशी काय संबंध

पाटील मामा: हां, तो वेगळा घोळ. त्या डोक्याच्या खाली एक पिंजरा असतोय, आत प्लॅस्टिकचा हलका बॉल. टाकी भरत आली की पाण्याबरोबर तो बॉल वर येतो आणि मोटरच्या वाटेवर बसतो, ओढणं बंद. तेव्हा आवाज एकदम बारीक किंचाळल्यागत होतो, मग लोकांना वाटतं बिघडलं. बिघडलेलं न्हाई, टाकी भरली एवढंच. स्विच बंद केला की बॉल खाली पडतो, टाकी रिकामी करायची, परत चालू. पण फेसाला वजन न्हाई, तो बॉल काय उचलणार? फेस बॉलच्या कडेनं तसाच वर जातो मोटरीत आणि मागनं बाहेर. काल कुणीतरी पार्किंगात मूठ मूठ वॉशिंग पावडर टाकली होती, आणि वरनं फिनेल

कुलकर्णी काकू: पावडर मी टाकायला सांगितली होती, वास मारत होतं म्हणून. वास मारला तर काय करायचं मग माणसानं

पाटील मामा: टाका की काकू, पण आधी साधं पाणी ओढून घ्यायचं, मग पावडरनं घासायचं, मग दोनदा साधं पाणी मारून तो फेस गटरीकडं लोटायचा, उरलेलं मशीननं. न्हाईतर फेस मारायचं लिक्विड मिळतंय, डिफोमर म्हणतात, ते रिकाम्या टाकीत थोडं आधीच घालायचं

रोहन: माझ्या घरी छोटा व्हॅक्यूम आहे, सोफ्याचा, अर्जंट असेल तर तो आणू का खाली? तेवढीच मदत

पाटील मामा: अजिबात आणू नकोस बाळ. घरातल्या साध्या मशीनमध्ये जो वारा ओढला जातो तोच मोटरवरनं जातो आणि मोटर थंड करतो. पाणी ओढलं की पाणी सरळ कॉइलवर. शॉक तरी बसंल न्हाईतर जळंल तरी. ह्या मोठ्या मशीनमध्ये मोटर थंड करायचा वारा वेगळ्या वाटेनं येतो, घाण वारा वेगळ्या वाटेनं जातो, म्हणून तर पाणी चालतंय आणि म्हणून तर किंमत जास्त

रोहन: ओके मामा, हे माहीत नव्हतं खरंच. मग अजून एक, लिफ्टच्या खड्ड्यात पण पाणी साचलंय, मशीन वर ग्राउंडलाच ठेवून लांब पाईप खाली सोडला तर?

पाटील मामा: जोडपाईप लावून थोडं येईल. पण किती उंचीवर ओढतंय त्याला मर्यादा हाय. मशीनच्या पाटीवर बघ, मिलिमीटरमध्ये वॉटर लिफ्ट लिहिलेलं असतंय, साधारण २००० ते २५०० ह्या बेतात. म्हणजे लई झालं तर दोन अडीच मीटर, आणि तिथं पोचेस्तोवर दम संपलेला असतो. खड्ड्यातलं पाणी काढायला मडपंप, म्हणजे गढूळ पाणी ओढणारा पंप आणा भाड्यानं, मशीन हे शेवटचं बोटभर पाणी पुसून घ्यायला. २०१९ च्या ऑगस्टात गावभर पाणी भरलं होतं तेव्हा पंपानंच काढलो होतो की सगळं. आणि लिफ्टच्या खड्ड्यात लिफ्टवाला मेकॅनिक आल्याशिवाय आणि मेन बंद केल्याशिवाय कुणी उतरायचं न्हाई, हे देसाई तुम्ही बोर्डवर लिवा

देसाई, सेक्रेटरी: लिहितो. लिफ्टवाल्याला बोलावलंय, दुपारी येतो म्हणाला, म्हणजे संध्याकाळ धरा

किल्लेकर, खजिनदार: इलेक्ट्रिकचं पण बोला कोणीतरी. मागच्या वेळी बेसमेंटचा प्लग काळा पडला होता, तो बदलायचं बिल माझ्याकडं आहे

पाटील मामा: पडणारच की ओ. दोन मोटरी आहेत, १००० वॅटच्या, म्हणजे २००० वॅट, २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढणार, आणि तुम्ही लावताय ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये, ते पण टू पिनचा जुगाड करून, अर्थिंगच न्हाई. पाण्यात उभं राहून अर्थिंग नसलेलं मशीन चालवायला लावूलासा त्या बाईला, काय म्हणायचं ह्याला. १६ अँपिअरचा सॉकेट, आणि त्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच पायजे, हा खर्च आधी करा. एक्स्टेंशन लावायचं तर जाड वायरचं, गुंडाळी पूर्ण सोडून, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापती. आणि जोड जमिनीवर पाण्यात टाकायचा न्हाई, खांबाला उंच टांगायचा. दोन्ही स्विच एकदम दाबू नका, आधी एक मग दुसरा. हेस्कॉमची, वीज कंपनीची लाईट जा ये करत असंल तर पिन काढूनच ठेवा

हलगेकर ताई: यल्लव्वाला गमबूट पण द्या, ती चपलेवर काम करते पावसात

किल्लेकर, खजिनदार: गमबूट मंजूर. आरसीसीबी पण मंजूर, कोटेशन आणा

अष्टेकर (सी-१०४): माझ्या गाडीखाली ऑइल सांडलंय, त्याच मशीननं ओढून घेतलं तर चालेल का, उगाच डाग पडलाय

पाटील मामा: न्हाई हो. ऑइलनं पाईप आणि रबर खराब होतं, आणि त्यात पेट्रोल मिसळलेलं असंल तर ह्या मोटरीत फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश असतात, त्यांच्या ठिणग्या पडत असतात, वाफेनं पेट घेईल. सुतारकामाचा भुसा टाका, रात्रभर राहू दे, सकाळी झाडून घ्या. तसंच बंबातली राख, गणपतीत आरतीनंतरची अगरबत्तीची राख, फटाक्याचा कचरा, हे कधीच ओढायचं न्हाई. राख वरनं गार दिसते, आत निखारा असतोय, आणि मशीन वारा घालून तो फुलवतं, फिल्टर कापडाचा

कुलकर्णी काकू: गणपतीला हॉलमधलं जाजम तरी साफ करता येईल ना त्यानं? गेल्या वर्षी झटकता झटकता माझा खांदा गेला

पाटील मामा: जाजमाला एकदम भारी. पण तेव्हा फिल्टर लावून, कोरड्या टाकीवर. ओल्या टाकीवर फिल्टर बसवला तर धुळीचा चिखल होतो आणि आठ दिवसात असा वास सुटतो की हॉलमध्ये बसवत न्हाई. पाणी ओढून झालं की टाकी ओतायची, एकदा साध्या पाण्यानं विसळायची, मग रिकामं मशीन दोन तीन मिनिटं चालवायचं म्हणजे पाईप आतनं वाळतो, आणि झाकण न लावता उघडं ठेवायचं रात्रभर. पाईप गुंडाळून कोपऱ्यात न्हाई टाकायचा, खुंटीला टांगायचा

रोहन: आणि तो सिमेंटवाला फिल्टर? गरम पाण्यात भिजवला तर निघेल का

पाटील मामा: निघत न्हाई, टाक तो. नवीन दोन आणा, एक न्हाई. एरवी कापडी फिल्टर आधी झटकायचा, मग धुवायचा, घासायचा न्हाई, सावलीत वाळवायचा. आणि आपल्या बेळगावच्या पावसात सावलीत वाळायला चार चार दिवस लागतात, मग लोक अर्धवट ओला बसवतात, म्हणून दोन पायजेत. टाइल्सच्या, पीओपीच्या धुळीला तर हे मशीन द्यायचंच न्हाई, त्या ठेकेदारानं स्वतःचं आणावं

देसाई, सेक्रेटरी: आणि मोटरचं? फेस आत गेलाय म्हणालात

पाटील मामा: आत्ता चालवायचं न्हाई कुणी. डोकं उलटं करून कोरड्या जागी ठेवलोय, दोन दिवस वाळू दे. मग उघडून कार्बन ब्रश बघतो, लई झिजले असतील तर दोन्ही एकदम बदलायचे, स्वस्त वस्तू हाय. उद्यमबागेत मोटर रिवायंडिंगवाल्यांकडं मिळतात, जुना नमुना घेऊन जायचा, मापात थोडा जरी फरक पडला तर कम्युटेटर, म्हणजे ब्रश घासतात ते मोटरीतलं तांब्याचं कडं, खातो. डोक्याच्या कडेचं रबर पण एका जागी फाटलंय, तिथनं वारा गळतोय, ते पण बघतो

हलगेकर ताई: मामा एक करा, रविवारी यल्लव्वाला आणि दोन्ही वॉचमनला समोर बसवून दाखवा. मी कन्नडमध्ये सांगते, आणि एक कागद मशीनवरच चिकटवू, कन्नडमध्ये पण आणि मराठीत पण, तिथं इंग्लिश स्टिकर आहे तो कोण वाचतंय

अष्टेकर: चावी कोणाकडे राहणार पण

देसाई, सेक्रेटरी: चावी यल्लव्वाकडंच. ती नसेल तर हलगेकर ताईंकडं. दुसऱ्या कोणाला मागून मिळणार नाही, टाइल्सवाल्याला तर नाहीच, आणि फिल्टरचा खर्च त्या फ्लॅटच्या मेंटेनन्समध्ये लावतोय, तिथं वाद नको

कुलकर्णी काकू: ते ठीक पण माझी स्कूटी अजून पाण्यातच आहे हो

रोहन: काकू मी आणि वॉचमन ढकलून रॅम्पवर आणतो, चालू करू नका फक्त, सायलेन्सरमध्ये पाणी गेलं असेल

देसाई, सेक्रेटरी: मडपंप भाड्यानं सांगितलाय, अकरापर्यंत येतोय. बाकीच्यांनी पण गाड्या वर घ्या

किल्लेकर, खजिनदार: पंपाचं, फिल्टरचं, ब्रशचं, सगळ्याचं पक्कं बिल आणा, जीएसटी नंबर घालून. मागच्या वेळसारखा सिगरेटच्या पाकिटावर लिहिलेला हिशोब मी घेणार नाही