हवेतून येणाऱ्या एचडी प्रक्षेपणासाठी कोणता अँटेना घ्यावा?

प्रश्न

केबल जोडणी बंद करून थेट हवेतून येणारे एचडी प्रक्षेपण अँटेनाने घ्यायचे, असे आम्ही घरात ठरवले आहे. प्रक्षेपणाचे मनोरे घरापासून सुमारे ४० किलोमीटरवर असून ते सगळे जवळपास एकाच दिशेला आहेत. सध्या पहिल्या मजल्यावरील खिडकीच्या काचेला वहीच्या पानाएवढा सपाट अँटेना चिकटवलेला आहे. त्यावर बऱ्याचशा वाहिन्या स्वच्छ दिसतात. पण दोन वाहिन्यांवर चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज अडखळतो आणि मग पडदा काळा होतो. वडील रात्रीच्या बातम्या नेमक्या त्यांतल्याच एका वाहिनीवर पाहतात, त्यामुळे हा प्रश्न मला लवकर सोडवायचा आहे. टीव्हीमागे अँप्लिफायर (सिग्नल मोठा करणारे उपकरण) जोडून पाहिला. सिग्नलच्या ताकदीचा पट्टा बराच वर चढला, चित्र मात्र होते तसेच राहिले. विक्रीला असलेल्या खोक्यांवर ‘एचडी’, ‘फोर-के’, ‘२०० किलोमीटर पल्ला’ असे छापलेले असते. यांतले काय ग्राह्य धरावे आणि कोणता अँटेना घ्यावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

खोक्यावरचे हे तिन्ही शब्द आपण निवडीतून वगळावेत. अँटेना केवळ रेडिओलहरी पकडतो. त्या लहरींवर जुने अॅनालॉग चित्र आहे, एचडी आहे की फोर-के, याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. ते उलगडण्याचे काम टीव्हीतील ट्यूनर करतो. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचा चांगल्या स्थितीतला अँटेनाही आज एचडी चित्र देऊ शकतो.

खरा प्रश्न आहे तो आपल्या वाहिन्या वारंवारतेच्या कोणत्या पट्ट्यात येतात हा. दूरचित्रवाणीसाठी प्रामुख्याने दोन पट्टे वापरले जातात: साधारण १७४ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा व्हीएचएफचा (अति उच्च वारंवारतेचा) वरचा भाग आणि ४७० मेगाहर्ट्झच्या पुढचा यूएचएफ (त्याहूनही उच्च वारंवारतेचा). अँटेनाच्या दांडीची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असावी लागते. ६०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५० सेंटिमीटर, म्हणजे दांडी २५ सेंटिमीटरची पुरते. २०० मेगाहर्ट्झला मात्र तरंगलांबी दीड मीटर होते आणि दांडी ७५ सेंटिमीटरची लागते. वहीच्या पानाएवढ्या अँटेनात ती लांबी मावत नाही. आपल्या दोन अडचणीच्या वाहिन्या व्हीएचएफवर असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. टीव्हीच्या सिग्नल माहितीच्या पानावर वारंवारता दिसते, ती कृपया पाहून येथे कळवावी. वाहिनीच्या नावासमोर पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर मात्र विसंबू नये, कारण अनेक ठिकाणी तो प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या क्रमांकाहून वेगळा असतो.

उत्तर २

पल्ल्याबद्दल थोडे लिहितो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजापलीकडे झपाट्याने क्षीण होतात. मनोऱ्याची आणि अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन दोन्हींची वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे सपाट भूमीवरचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये. मनोरा १५० मीटर आणि अँटेना ९ मीटर उंच असेल तर उत्तर सुमारे ६३ किलोमीटर येते. मध्ये टेकडी आडवी नसेल तर आपले ४० किलोमीटर त्यात आरामात बसतात. खोक्यावर २०० छापले म्हणून क्षितिज पुढे सरकत नाही.

सगळे मनोरे एका दिशेला आहेत, ही आपली फार मोठी जमेची बाजू आहे. अशा ठिकाणी यागी-उदा पद्धतीचा, म्हणजे एका लांब दांड्यावर आडव्या काड्या असलेला अँटेना निःसंशय घ्यावा. १९२० च्या दशकात जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी पुढे आणलेली ही रचना आजही घराघरांवर दिसते, कारण ती समोरून येणारे अधिक घेते आणि मागून किंवा बाजूच्या इमारतींवरून परावर्तित होऊन येणारे बरेचसे टाळते. व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्हींसाठी काड्या असलेला नमुना पाहावा. गच्चीवर चढवणे अवघड असेल तर छपराखालच्या माळ्यावरही तो बसवता येतो.

प्रश्नकर्ता

आपण दोघांचेही आभार. माहितीच्या पानावर एक वाहिनी १९१ आणि दुसरी २०३ मेगाहर्ट्झवर दिसली. बाकी सगळ्या ५०० च्या वर आहेत, म्हणजे संशय खरा ठरला. आता दोन शंका उरतात. जुना अँप्लिफायर नव्या अँटेनाला जोडावा का, आणि गच्चीपासून दोन खोल्यांतल्या टीव्हींपर्यंत सुमारे ३० मीटर केबल लागेल, ती चालेल का?

उत्तर ३

माळ्याच्या सूचनेशी मी सहमत नाही. छपराला पत्रा किंवा चंदेरी उष्णतारोधक थर असेल तर सिग्नल तिथेच अडतो. शक्य तोवर अँटेना उघड्यावरच असावा.

आता केबल. ७५ ओहमच्या चांगल्या आरजी-६ केबलमध्ये यूएचएफवर ३० मीटरला साधारण ५ डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे एकक) घट होते आणि दोन टीव्हींना सिग्नल वाटून देणारा स्प्लिटर आणखी साडेतीन घेतो. साडेआठ डेसिबल म्हणजे शक्तीचा जवळपास सातवा हिस्साच टीव्हीपर्यंत पोहोचतो. ही घट भरून काढायला अँप्लिफायर उपयोगी पडतो, पण त्याची जागा अँटेनापाशी, खांबावर असते. टीव्हीमागे लावलेला अँप्लिफायर वाटेत मंदावलेला सिग्नल आणि त्यात मिसळलेला गोंगाट दोन्ही सारखेच मोठे करतो; म्हणूनच आपला ताकदीचा पट्टा चढला आणि चित्र सुधारले नाही. पाहायचा तो गुणवत्तेचा पट्टा. डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही: गुणवत्ता एका मर्यादेच्या वर असेपर्यंत ते निर्दोष असते आणि त्याखाली गेली की एकदम तुटते.

माझा आग्रह असा, की आधी अँप्लिफायरशिवाय जोडून पाहावे. खांब पक्का करण्यापूर्वी एकाने गच्चीवर अँटेना हातात धरावा, दुसऱ्याने खाली गुणवत्तेचा आकडा वाचत राहावे. अर्धा-एक मीटर सरकवल्यानेही फरक पडतो. सर्वांत अशक्त वाहिनीवर दिशा पक्की करावी.

जोडणीकडेही लक्ष द्यावे. माझ्या घरी महिनाभर एक वाहिनी येत-जात होती आणि मी अँटेनालाच दोष देत होतो. शेवटी कनेक्टर उघडला, तेव्हा बाहेरच्या जाळीतली केसाएवढी एक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकलेली सापडली. ती कापली आणि वाहिनी स्थिर झाली. गच्चीवरच्या टोकाला रबरी टोपण आणि जलरोधक टेप लावावी आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली लोंबणारा वळसा ठेवावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. केबलच्या आत पाणी शिरले की जाळी काळी पडते आणि ती केबल बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

उत्तर १

एक भर घालतो. धातूचा खांब आणि केबलची बाहेरची जाळी इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्यावी, आणि हे काम विद्युत कामाच्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. खांब उभा करताना तो आडवा पडला तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही, एवढे अंतर आधी मोजून घ्यावे.